दार लावण्याआधीची हाक

सातिवलीला आमचं ऑफिस ज्या इमारतीत होतं, तिच्या तळमजल्यावर रबराचे वॉशर बनत आणि वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअर. पाहुणे यायचे असले की आमचे मालक हर्षवर्धन सर आधी खोलीत सुगंधी फवारा मारत, मग एसी लावत. तरी जळक्या रबराचा वास जिना चढून वर यायचाच. २००४ सालची गोष्ट. भारनियमनाने सगळ्या औद्योगिक पट्ट्याला रडकुंडीला आणलं होतं. वीज गेली की आजूबाजूच्या गाळ्यांतले जनरेटर एकामागोमाग एक सुरू होत आणि त्या घरघरीत आम्ही प्रोग्रॅम लिहीत असू.

मी क्षितिजा सामंत. अंधेरीची नोकरी सोडून इथे आले ती घराजवळ म्हणून; वसईत पश्चिमेला आमचा फ्लॅट. ऑफिसात मला 'टेस्टिंगबाई' म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत. प्रोग्रॅमची एक ओळ बदलली तरी जुनी प्रत जपून ठेवायची, नवी दुसऱ्या कुणीतरी वाचायची, आधी ऑफिसात चालवून बघायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या मशीनवर घालायची, एवढंच माझं म्हणणं असे. सरांना ते सोवळंओवळं वाटे. "क्षितिजा, आपण रॉकेट नाही उडवत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस वाईट नव्हता. एके काळी स्वतः उत्तम प्रोग्रॅमर होता. पण मालक झाल्यापासून उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली होती.

आम्ही कोल्ड स्टोरेज चालवणारी यंत्रणा बनवायचो. त्या वर्षी पहिल्यांदाच केळी पिकवण्याच्या चेंबरचं काम मिळालं. गिऱ्हाईक गिरीजचे एकनाथभाऊ. त्यांची तिथे वाडी, आणि घरात केळी पिकवायचा धंदा पूर्वापार, पण तो भट्टीतला: मातीची बुटकी खोली, आत घडांची रास, तोंडाशी धूर आणि दार मातीने लिंपून बंद. आता त्यांनी सातिवलीत गोदाम घेऊन सहा चेंबर बांधले होते. जाड पांढऱ्या भिंतींच्या खोल्या, मोटरवर सरकणारं वजनदार दार, दारात प्लास्टिकच्या रुंद पट्ट्यांचा पडदा. हिरवी केळी क्रेटमधून आत जायची, दार बंद व्हायचं, मापात गॅस सुटायचा आणि काही दिवसांनी पिवळीधमक होऊन बाहेर यायची. सगळं नवं कोरं होतं. जागेला कसलाही इतिहास नव्हता. आधी तिथे पुठ्ठ्याचे खोके ठेवत.

केळी श्वास घेतात. बंद खोलीत टनांनी केळी पिकत असली की आतली हवा माणसाच्या कामाची उरत नाही. दार हवाबंद, आतून ओरडलेलं बाहेर ऐकू येत नाही. म्हणून आत दाराशेजारी पंजाएवढं लाल बटण होतं. चुकून कुणी आत राहिलं तर ते दाबायचं, दार उघडतं. आमचं वायरिंग बघणारे बॅप्टिस्ट पहिल्या दिवसापासून सांगत होते की ही तार थेट मोटरला जोडा, मध्ये कॉम्प्युटर नको. सरांनी ऐकलं नाही. सगळं एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे हा त्यांचा हट्ट. म्हणजे आत अडकलेल्या माणसाचा जीव आमच्या प्रोग्रॅमच्या हातात. आणि तो माणूस कोण असेल हेही मला ठाऊक होतं. क्रेट लावणारा शत्रुघ्न, वसईच्या पूर्वेकडच्या एका भातशेतीच्या गावातला. उकाडा वाढला की शेवटच्या रांगेआड गारव्याला जरा टेकायची त्याची खोड होती.

दार लावण्याआधी भोंगा वाजवावा असं मी सुचवलं. एकनाथभाऊंनी नकारार्थी मान हलवली.

"भोंगे या पट्ट्यात दिवसभर वाजतात, ताई. कोण लक्ष देतो? आमच्या भट्टीवर बा हाक मारायचा. तीच लावा."

हाक त्यांच्याच आवाजात भरून घ्यायचं ठरलं. ते ऑफिसात आले, माइकसमोर उभे राहिले आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की खालचा वॉशरवाला काय झालं बघायला वर आला.

"आत कोन हाय? भायेर या, दार लावतो!"

मग ते गप्प झाले. मी रेकॉर्डिंग थांबवायला हात पुढे केला, तर त्यांनी तळवा उभा करून मला अडवलं. मान किंचित तिरपी, नजर समोरच्या भिंतीवर. कुणी म्हातारं माणूस जिना उतरत असावं आणि आपण खाली थांबावं, तसे ते उभे होते. बराच वेळ गेला. मग हलकेच "चला" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

"एवढं कुणासाठी थांबलात?" मी विचारलं.

"हाक मारली म्हंजे थांबायला लागतंच ना. न थांबता दार लावायचं तर बोलवलं कशाला?"

मला ते मनापासून पटलं. फाइल मी जशीच्या तशी वापरली: आधी हाक, मग ती शांतता, मग 'चला', आणि त्या शब्दानंतरच दाराची मोटर. शांतता हाच आमचा सुरक्षेचा वेळ. प्रत्येक चेंबरच्या दारावर कर्णा होता, त्यातून हाक घुमायची, शत्रुघ्न आळस देत बाहेर यायचा, मागे पट्ट्या सळसळायच्या आणि दार सरकायचं. दोनेक महिने कसलीही तक्रार आली नाही.

मग मुंबईच्या एका मोठ्या दुकानसाखळीची माणसं चेंबर बघायला येणार असं ठरलं. त्यांना पसंत पडलं तर गावोगावी आमचीच यंत्रणा. सर तयारी बघायला गोदामात आले, हाक ऐकली, आणि शांतता सुरू झाल्यावर अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघायला लागले.

"हे काय? सगळे गप्प. कुणाला श्रद्धांजली आहे का?"

"आतल्या माणसाला बाहेर यायला वेळ लागतो, सर."

"त्यासाठी बटण आहे ना? पाहुण्यांना दारासमोर मौन पाळायला लावू? तो रिकामा भाग काढून टाक."

"तो रिकामा नाही. आणि काढायचाच असेल तर रीतसर काढू. आधी ऑफिसात चालवू, बॅप्टिस्टना बघू दे..."

"एक फाइल कापायला कसली रीत गं?"

दुसऱ्या दिवशी मी गोदामात पोचले तेव्हा काम उरकलेलं होतं. सरांनी स्वतः बसून फाइल कापली होती आणि चालू मशीनवर जुनीच्या जागी घालून टाकली होती. हाक, लगेच 'चला', की दार. एकनाथभाऊंचा आवाज तोच, पण आता तो घाईत असल्यासारखा वाटत होता. मी फोनवरून सरांशी भांडले. ते म्हणाले, एवढं कशाला मनाला लावून घेतेस. एकनाथभाऊ माल ठरवायला जळगावला गेले होते, नाहीतर त्यांनाच पुढे केलं असतं. शेवटी शत्रुघ्नला बजावलं की हाकेच्या आधीच बाहेर येत जा.

"मी काय पोर हाय, ताई?" तो हसला. "येतो की भायेर. पानी प्यायला तरी यावंच लागतं."

त्याच दुपारी तीन नंबरच्या चेंबरमधून बटण दाबलं गेलं.

गोदामाच्या कोपऱ्यात आमची काचेची केबिन होती. तिथल्या स्क्रीनवर प्रत्येक चेंबरसाठी एक चौकोन. आतून बटण दाबलं की तो लाल होई. तीनचं दार लागून थोडा वेळ झाला होता. चौकोन लाल झाला आणि लालच राहिला, म्हणजे बटण कुणीतरी धरून ठेवलं होतं. दार उघडू लागलं तशी मी धावले, आणि दाराशी शत्रुघ्नच उभा. बाहेर. हातात चहाचा ग्लास.

आत कुणी नव्हतं. हिरव्या केळ्यांच्या रांगा, ओला गार अंधार, आणि कच्च्या केळ्याचा तो तुरट वास.

बॅप्टिस्टनी बटणाला दोष दिला. आत सगळं दमट, पाणी शिरलं असेल. त्यांनी नवं बटण बसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी अख्खी तार बदलली. पुन्हा तेच. चेंबरमध्ये भिंती, क्रेट, दिवा, सगळ्यावर बारीक थेंब जमत. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि बटणावर बॅटरीचा झोत टाकला.

बटणाच्या कडेवर थेंब होते. मधोमध मात्र ते कोरडं होतं, नुकतंच कुणी तळव्याने पुसल्यासारखं.

"तुम्ही हात लावलात?" मी विचारलं.

"तुझ्यासोबतच तर आलो ना मी आत."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. बिघाडाला कारण असतं आणि ते धीर धरला की सापडतं, यावर माझा विश्वास आहे आणि त्याच विश्वासावर मी पोट भरते. मी कारण शोधायला बसले. एक गोष्ट लगेच दिसली. सिग्नल नेहमी हाकेनंतरच यायचा, आणि दार लागल्यावर, जरा उशिराने. किती उशिराने? मी माझ्याकडची जुनी, न कापलेली फाइल दुसऱ्या मशीनवर सोबत चालवून पाहिली. तीन वेळा पाहिलं. चौकोन लाल व्हायचा तेव्हा जुन्या फाइलमध्ये एकनाथभाऊ अजून गप्प उभे असायचे. शांतता संपत आलेली असायची, 'चला' यायचं असायचं.

मग मी तीन नंबरला जुनी फाइल परत घातली. हाक झाली. शांतता सुरू झाली. बॅप्टिस्ट, मी आणि शत्रुघ्न दारासमोर उभे. आत कुणी नाही हे आम्ही तिघांनी पाहिलेलं. शांतता संपता संपता दारातल्या दोन पट्ट्या जराशा बाजूला झाल्या आणि पुन्हा जागेवर आल्या. शत्रुघ्न एक पाऊल मागे सरला. का सरला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आतला पंखा," बॅप्टिस्ट म्हणाले.

"पंखा दार लागल्यावर सुरू होतो," मी म्हणाले.

त्या फेरीत सिग्नल आला नाही. पुढच्या फेरीतही नाही. कापलेली फाइल घातली की यायचा.

मी हे सगळं सरांना त्यांच्या केबिनमध्ये बसून सांगितलं. पट्ट्यांचं सोडून. ते ऐकत होते, पण त्यांच्या डोक्यात पाहुणे होते. पाहुण्यांसमोर लावलेलं दार आपोआप उघडलं तर संपलंच.

"जुनी फाइल परत घाला," मी म्हणाले. "सिग्नल थांबतो."

"म्हणजे मौन पाळायचं? एका खराब बटणासाठी?"

"बटण नवं आहे. तार नवी आहे."

"मग काय म्हणायचंय तुला? तू इंजिनीअर आहेस की भगत?"

"मी भूत म्हणत नाही, सर. मी म्हणते आपल्याला कारण कळलेलं नाही. आणि जो सिग्नल कळत नाही तो बंद करायचा नसतो."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "सोपं आहे. खरा माणूस बटण दाबतो आणि सोडतो. सतत दाबलेलं दिसलं तर ते बिघडलेलं समजायचं, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. चार ओळींचं काम."

"आणि खरंच कुणी जिवाच्या आकांताने दाबून धरलं तर?"

"कोण?"

"शत्रुघ्न."

"तो बाहेर असतो, तूच सांगितलंस ना?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, सर. मी त्या चार ओळी लिहिणार नाही."

"नको लिहू. मी अजून विसरलो नाही प्रोग्रॅमिंग."

आणि त्यांनी खरंच लिहिल्या, त्याच दुपारी. मला वाचायला दिल्या नाहीत. मी एवढंच अडून बसले की पाहुण्यांच्या आधी माणूस आत ठेवून एकदा तपासा, नाहीतर माझा आजच राजीनामा. ते म्हणाले, शत्रुघ्नला पाठव. मी म्हणाले, त्याच्यावर प्रयोग होणार नाहीत. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "बरं, मी जातो." भित्रा माणूस नव्हता तो. हे मी आजही म्हणेन.

पाहुणे दुपारी येणार होते. आम्ही सकाळीच गोदामात जमलो. तीन नंबरमधली केळी एव्हाना पिवळी पडायला लागली होती. दारातूनच तो गोड, जड वास छातीवर बसत होता. सरांनी टाय खांद्यावर टाकला.

"दार लागलं की बटण दाबतो आणि सोडतो. दार उघडलं की आजपासून तू माझं ऐकायचंस. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मला त्यांचा राग आला होता आणि भीतीही वाटत होती. सांगता येईना कुठली जास्त.

पट्ट्या बाजूला करून ते आत गेले. मी केबिनमध्ये बसले, बॅप्टिस्ट दाराशी उभे राहिले. कर्ण्यातून हाक घुमली.

"आत कोन हाय? भायेर या, दार लावतो! चला."

दार सरकू लागलं. अजून ते चौकटीला टेकलंही नव्हतं तोच चौकोन लाल झाला. एरवी यायचा त्यापेक्षा कितीतरी लवकर.

मला वाटलं, सरांनी घाई केली. सोडतील आता.

दार पुरतं लागलं. चौकोन लालच राहिला.

मग तो करडा झाला आणि खाली सरांनी लिहिलेली ओळ उमटली. बटण तीन नादुरुस्त.

मी स्क्रीनवरून दार उघडायचा हुकूम दिला. दार हललं नाही. पुन्हा दिला. नाही. तेव्हा मला कळलं. ज्या चेंबरमध्ये बिघाड आहे त्याचं दार चालवायचं नाही, मोटर जळेल, अशी एक अट प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून होती. सरांनी बटणाला बिघडलेलं ठरवलं आणि त्या अटीने दारालाच कुलूप घातलं. त्यांनी ती वाचलीच नव्हती. दुसऱ्या कुणी त्यांच्या चार ओळी वाचल्या असत्या तर तिथेच सापडलं असतं.

"वीज तोडा!" मी ओरडले. "हाताने उघडा!"

बॅप्टिस्टनी खटका खाली ओढला आणि स्टुलावर चढून मोटरच्या चाकाला हात घातला. चाक हाताने फिरवायचं म्हणजे दार नखाएवढं सरकायचं. शत्रुघ्न दाराला खांदा लावून रेटत होता. मी भिंतीला तळवा लावला. आतून धक्के येत होते, एकामागून एक, बटण होतं तिथूनच.

"सर! उघडतोय! सर!"

धक्के चालूच.

फट पडली. आतली हवा बाहेर आली, गोड आणि शिळी.

फट रुंदावली.

आणि सर आम्हाला दाराशी दिसलेच नाहीत. ते मागे होते, क्रेटांना पाठ लावून, दारापासून जितकं लांब जाता येईल तितके लांब.

धक्के फट पडल्याबरोबर थांबले होते.

शत्रुघ्नने आत जाऊन त्यांना धरून आणलं. पट्ट्यांतून ते बाहेर आले, त्यांच्या मागे पट्ट्या मिटल्या, आणि जरा वेळाने पुन्हा हलल्या. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. केसांवर बारीक थेंब होते. श्वास लागला होता पण शुद्ध नीट होती.

"बटण का नाही सोडलंत?" मी विचारलं.

"दाबलंच नाही मी."

"सर, स्क्रीनवर..."

"दाबायला हात नेला," ते म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "अंधारात चाचपडत नेला. तिथे जागाच नव्हती. बटणावर हात होता."

बॅप्टिस्ट चाकाच्या स्टुलावरून उतरत होते ते तसेच थांबले.

"गार नव्हता," सर म्हणाले. "घामाने भिजलेला. थरथरत होता. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता, क्षितिजा."

त्यांनी सगळं पाणी संपवलं. मग उठून केबिनमध्ये गेले, स्वतःच्या चार ओळी काढून टाकल्या, माझ्याकडून जुनी फाइल मागून घेतली आणि परत घातली. बॅप्टिस्टना म्हणाले, उद्यापासून सगळ्या बटणांच्या तारा थेट मोटरला. इतके महिने भांडून जे मिळालं नव्हतं ते एका सकाळी मिळालं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

दुपारी पाहुणे आले. हाक झाली, सगळे गप्प उभे राहिले. त्यांच्यातल्या बाईंना ती शांतताच सर्वांत आवडली. असं शिस्तीचं काम हल्ली कुठे दिसतं, म्हणाल्या. सर हसले. संध्याकाळपर्यंत काम आमचं झालं होतं.

पाहुणे गेल्यावर मी तीन नंबर पुन्हा तपासला. गुण आला म्हणून रोग काय होता ते विचारायचं नाही, हे माझ्याच्याने होत नाही. आत कुणी नाही याची खात्री केली आणि कापलेली फाइल मुद्दाम लावली. हाक, 'चला', दार. बॅप्टिस्ट आणि मी श्वास रोखून चौकोनाकडे बघत होतो. तो हिरवाच राहिला. पुन्हा लावली. हिरवाच. आणखी कितीदा तरी लावली. आत जाऊन बघितलं तर बटण थेंबांनी पुरतं झाकलं होतं, मधोमधसुद्धा.

"गेलं वाटतं," बॅप्टिस्ट म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मलाही हायसं वाटलं. कारण सापडलं नव्हतं, पण तीन नंबर रिकामा होता, एवढं मला कळत होतं.

उन्हं कलली होती. सर म्हणाले, आज मी गाडी चालवत नाही, इथेच राहू दे, तुझ्यासोबत शेअर रिक्षाने स्टेशनपर्यंत येतो. आम्ही नाक्यावर गेलो. रिक्षा रिकामीच होती, आम्ही पहिले. मी डाव्या कडेला बसले. सर चढले आणि मला अगदी खेटून मध्ये बसले. उजवीकडची अख्खी जागा मोकळी असताना! मला राग आला. सरका जरा, असं म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

आता तिसरी सीट मिळेपर्यंत इथेच बसायचं, मी मनात म्हटलं. सातिवलीचा शेअर रिक्षावाला तिसरी सीट भरल्याशिवाय जन्मात हलत नाही. नाक्यावर ओरडून ओरडून त्याचा घसा बसतो, पण हलत नाही.

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं, तंबाखूची पिंक टाकली आणि रिक्षा सुरू केली.

मी सरांकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

कंपन्या सुटायची वेळ. माल भरलेले ट्रक उजवीकडून आम्हाला घासून पुढे जात होते. गोखिवऱ्याच्या अलीकडे रिक्षावाल्याने पुन्हा आरशात पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हात आत घ्यायला सांगा हो त्यांना," तो म्हणाला. "ट्रक लागेल."

माझे दोन्ही हात मांडीवरच्या डब्याच्या पिशवीवर होते. सरांनी आपले दोन्ही हात काखेत घट्ट धरले होते.